जुने फोटो स्कॅन करताना टिफ की जेपेग, ८ बिट की १६ बिट?

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. आजोबांचे नि बाबांचे मिळून साडेचारशेक प्रिंट आहेत, त्यातले तीनशे ब्लॅक अँड व्हाइट आणि बाकीचे सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत. शिवाय १२० नंबरच्या रुंद रोल फिल्मच्या ऐंशीएक ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह आणि ३५ एमएमच्या दोनशे रंगीत फ्रेम. एप्सनचा व्ही६०० स्कॅनर घेतलाय. दुकानदार म्हणाला जेपेग हाय क्वालिटी पुरे, तुमचा पोट्टा म्हणतो पीएनजी कर, आणि यूट्यूबवाला सांगून राहिला की ४८ बिट टिफ नसेल तर सगळं फालतू. आता ऐकायचं कोणाचं?

खरं सांगू का, तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत. मी नागपुरात स्टुडिओत लागलो तेव्हा डार्करूमचा जमाना होता, इतवारीत लाल दिव्याखाली प्रिंट काढायचो, आणि गेली वीसेक वर्षं हेच काम, लोकांच्या घरातले अल्बम आणि निगेटिव्ह स्कॅन करायचे. फॉरमॅटचा, म्हणजे फाइल कोणत्या प्रकारात साठवायची त्याचा, निकाल सोपा आहे, मास्टर, म्हणजे जपून ठेवायची मूळ फाइल, टिफमधे ठेवा आणि नातेवाइकांना पाठवायला त्याच्यावरून जेपेग बनवा, झालं. बिटचं तसं नाही. ते प्रत्येक फोटोगणिक बदलतं आणि तिथंच लोक गडबड करतात, ज्या फोटोला गरज नाही त्याचं ४८ बिट करतात आणि ज्याला खरंच पाहिजे त्या निगेटिव्हचं जेपेग करून मोकळे होतात.

म्हणून आधी बिटचंच बोलतो. ८ बिट म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनेलला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. १६ बिट म्हणजे ६५,५३६. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत २४ बिट आणि ४८ बिट दिसतं ते हेच, ८ गुणिले ३ आणि १६ गुणिले ३, वेगळं काही नाही. आता आपला घरचा मॉनिटर बहुतेक ८ बिटच दाखवतो, फोटो छापणारं मशीनही ८ बिटच मागतं, त्यामुळे तोच फोटो दोन्ही तऱ्हेनं स्कॅन करून शेजारी शेजारी लावला तर तुम्हाला काय, मलाही फरक दिसणार नाही. मग १६ बिट घ्यायचं काहून? तर नंतर ओढाताण करायची असते म्हणून. कणकेचा गोळा लहान घेतला आणि त्याची मोठी पोळी लाटायला गेलं की मधे भोकं पडतात ना, तसंच. फोटोतला टोन थोड्याशा जागेत दबलेला असेल आणि तो तुम्ही फोटोशॉपमधे किंवा गिंपमधे लेव्हल्स ओढून पूर्ण रेंजवर पसरवला तर ८ बिटमधे मधल्या पायऱ्या रिकाम्या पडतात, हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या पायरीवर किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख, बघा, फणीसारखा दिसतो, आणि आभाळात किंवा गालावर पट्टे उमटतात. १६ बिटमधे कणीक भरपूर आहे, लाटा कितीही.

तर प्रश्न असा विचारायचा, की या फोटोला नंतर किती लाटावं लागणार आहे?

तुमच्या रंगीत प्रिंटांपासून सुरू करू. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत प्रिंट आज बघा, बहुतेक लालसर-गुलाबी झालेले असतात. त्या कागदावर तीन रंगांचे थर असायचे, सायन (निळसर-हिरवा), मॅजेंटा (गुलाबी-जांभळा), यलो, आणि त्या काळच्या कागदात सायन डाय अल्बमच्या अंधारातही आधी उडायचा. वर आपली नागपूरची उष्णता, मेमधे पारा ४५ च्या वर जातो आणि तापमान वाढलं की ही रासायनिक झीज भराभर होते. सायन उडाला म्हणजे लाल उजेड अडवणारं कोणी राहिलं नाही, म्हणून स्कॅनमधे लाल चॅनेल सगळा वरच्या टोकाला जाऊन बसतो. समजा, तो १५० ते २४० मधेच उरला. म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी तुमच्या हातात नव्वद आल्या, आणि त्या नव्वदच्या तुम्हाला परत २५६ करायच्या आहेत, तेही एकाच चॅनेलच्या, म्हणजे पट्टे नुसते पट्टे नाहीत तर हिरवट-लालसर रंगाचे पट्टे, ते सगळ्यात आधी चेहऱ्यावर दिसतात. तोच फोटो १६ बिटमधे घेतला तर तेवढ्याच रेंजमधे तेवीस हजाराच्या वर पायऱ्या मिळतात. त्यामुळे उडालेले रंगीत प्रिंट ४८ बिट, यात मी कधीच तडजोड करत नाही.

रंगीत निगेटिव्हचं तर याहून जास्त. तो जो नारिंगी रंग असतो ना फिल्मवर, तो मास्क असतो, मुद्दाम दिलेला. तो निळा उजेड बराच खाऊन टाकतो, म्हणून निळा चॅनेल दबलेला येतो, मग उलटं करताना प्रत्येक चॅनेल वेगवेगळा ओढावा लागतो. आणि निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुळातच कमी ठेवलेला असतो, कारण प्रिंट काढताना कागद तो वाढवायचा. म्हणजे दोन्हीकडून लाटणं आलंच. ४८ बिट, दुसरा विचार नको. एप्सनच्या सॉफ्टवेअरलाच निगेटिव्ह उलटू दिलं तरी ठीक, पण मी व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, त्यातून रॉ, म्हणजे स्कॅनरचा कच्चा डेटा, काढतो आणि नंतर निवांत उलटतो. मात्र रॉ काढाल तर ८ बिटमधे अजिबात काढू नका, तो लिनियर असतो, म्हणजे उजेड जसा मोजला तसाच, नजरेच्या सोयीनं न उजळवलेला, त्यात अंधाऱ्या भागाच्या वाट्याला पायऱ्या एवढ्या कमी येतात की सावल्यांचा चिखल होतो.

१२० च्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह १६ बिट ग्रे स्केलमधे घ्या. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, डिजिटल आइस म्हणून जे धूळ काढायचं बटण आहे ते या निगेटिव्हला लावू नका. ते इन्फ्रारेड उजेडानं धूळ ओळखतं, आणि खऱ्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधे चांदी असते, चांदी इन्फ्रारेडही अडवते, मग बिचाऱ्या सॉफ्टवेअरला आजोबांच्या मिशाही धूळ वाटतात आणि ते पुसायला लागतं. रंगीत निगेटिव्हवर मात्र बिनधास्त लावा, मस्त चालतं.

आता राहिले तीनशे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट. इथं माझं मत यूट्यूबवाल्यापेक्षा वेगळं आहे. कागदावरच्या प्रिंटमधे काळं किती काळं असू शकतं याला मर्यादा आहे. चकचकीत प्रिंटची डेन्सिटी, म्हणजे काळेपणाचं माप, फार तर २ च्या जरा वर जाते, म्हणजे पांढऱ्यात आणि काळ्यात शंभरपट किंवा थोडा जास्त फरक. एवढी रेंज ८ बिटमधे आरामात मावते. प्रिंट ठीकठाक असेल, काळे काळे आणि पांढरे पांढरे असतील तर २४ बिट पुरे. हो, २४ बिट रंगीत म्हणतोय, ८ बिट ग्रे नाही. लोक म्हणतात फोटोच ब्लॅक अँड व्हाइट, तर रंगीत स्कॅन कशाला? अहो, जुना प्रिंट कुठं काळापांढरा असतो, कुणाचा तपकिरी झाला, कुणाला कडेनं चंदेरी चमक आली, कुणावर स्टुडिओवाल्यानं हातानं गाल गुलाबी केलेत, मागून शाई उमटलीय. ते सगळं त्या फोटोचंच आहे. शिवाय फायद्याची गोष्ट म्हणजे पिवळा डाग निळ्या चॅनेलमधे गडद दिसतो आणि लाल चॅनेलमधे जवळपास गायब होतो. म्हणजे डाग पडलेल्या प्रिंटचा नुसता लाल चॅनेल उचलला की अर्धी साफसफाई फुकटात. ग्रे मधे स्कॅन केलं असतं तर हा मार्गच बंद. पण तीनशेतले जे फिकट पडलेत, नुसते पिवळसर-करडे उरलेत, ते वेगळे काढा आणि ४८ बिटनं घ्या.

आणि हेही ऐकून ठेवा, व्ही६०० नं ४८ बिट दिलं म्हणजे सोळाच्या सोळा बिट कामाचे असतात असं नाही. शेवटचे काही बिट नुसता सेन्सरचा खरखराट असतो. म्हणून मी १६ बिटला देव मानत नाही. ते डब्यात जागा जास्त आहे एवढंच सांगतं, डब्यात काय आहे ते नाही.

यावरून तुमच्या त्या खास फोटोंचं आठवलं. १४ ऑक्टोबर १९५६ चे, दीक्षाभूमीवरच्या गर्दीचे, आजोबांनी काढलेले सहा प्रिंट. त्या दिवशी लोक पांढरे कपडे घालून आलेले होते, म्हणजे फोटोत लांबपर्यंत पांढरंच पांढरं. अशा फोटोवर स्कॅनरचं ऑटो एक्स्पोजर लावलं की ते म्हणतं अरे वा, आणखी उजळ करू, आणि सगळे सदरे-लुगडी जळून एक पांढरा पत्रा होतो. एकदा पिक्सेल २५५ ला किंवा ६५,५३५ ला जाऊन आपटला की मग बिट किती होते याला काही अर्थ नाही, तिथं काही नाहीच तर काढणार कुठून. म्हणून प्रोफेशनल मोडमधे जा, ऑटो बंद करा, हिस्टोग्रामच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडा, फोटो जरा मळकट आला तरी चालेल, मास्टर मळकटच असावा. कडा धारदार करणाऱ्या अनशार्प मास्कची खूण काढा, कलर रिस्टोरेशनची काढा. हे सगळं नंतर करता येतं, पण केलेलं मागं नेता येत नाही. नीट घेतलेला ८ बिट हा जळालेल्या १६ बिटपेक्षा केव्हाही चांगला, आणि त्या सहा प्रिंटांना तर दोन्ही द्या, ४८ बिटही आणि मोकळी जागाही.

आता फॉरमॅट. जेपेग ८ बिटच आहे, म्हणजे आपण घराघरात वापरतो तो, १९९२ चा. ४८ बिट त्यात मावतच नाही, तिथंच अर्धा प्रश्न मिटला. वर तो चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि डोळ्याला कळणार नाही असं त्याला वाटतं ते फेकून देतो, रंगाचं तर बऱ्याचदा आणखी अर्धं. लोकांना वाटतं जेपेग उघडून बघितला तरी खराब होतो. असं काही नाही, नुसतं बघून, कॉपी करून काही होत नाही. सुधारून परत सेव्ह केलं की प्रत्येक वेळी थोडं जातं. वाटायला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला, छापायला जेपेगसारखं दुसरं काही नाही. मूळ म्हणून ठेवायला नको एवढंच म्हणतोय.

हे मी शहाणपणानं नाही, मार खाऊन सांगतोय. २००६ मधे मामाच्या लग्नाचा अल्बम मी स्वतः स्कॅन केला होता, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), जेपेग, ऑटो कलर चालू, कारण हार्ड डिस्क ८० जीबीची आणि मला वाटलं हे तर काय नंतर कधीही परत करू. पुढं नागपूरच्या महाल भागातल्या मामाच्या जुन्या वाड्यात भिंतीतल्या कपाटाला वाळवी लागली आणि अल्बम गेला. आता जे आहे ते माझं जेपेग. मामीचा शालू त्यात एक सपाट लाल ठिगळ आहे, त्याच्यावरचं जरीकाम ऑटो कलरनं उडवलं. मामी अजून अधूनमधून विचारते, मोठा करून देतोस का रे. काय सांगू तिला.

टिफ १९८६ मधे आला, आज चालतं ते सहावं व्हर्जन १९९२ चं आहे. म्हणजे जुनं, कंटाळवाणं आणि सगळीकडे उघडणारं. मला नेमकं हेच आवडतं. अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेससुद्धा फोटोंसाठी टिफला पसंती देते. सेव्ह करताना कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल आवळायची का ते, विचारेल, तिथं नन (न आवळता), एलझेडडब्ल्यू, झिप असं काहीतरी येतं. तिन्हीत एक पिक्सेलही जात नाही. पण १६ बिट फाइलला एलझेडडब्ल्यू लावू नका, मी वर म्हटलं तो शेवटच्या बिटांचा खरखराट त्याला आवळता येत नाही आणि फाइल उलट मोठी होते, मजाच आहे. झिप चांगलं आवळतं, पण काही जुनी सॉफ्टवेअर ते उघडताना कुरकुरतात. मी ननच ठेवतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे, डिस्क खराब व्हायला लागली आणि फाइलमधला एखादा बिट उलटला तर साध्या टिफमधे बहुतेक वेळा एका पिक्सेलला टिकली लागते. जेपेगमधे तोच बिट उलटला तर तिथून खालचा सगळा फोटो सरकू शकतो, रंग फिरू शकतात, तुम्ही पाहिले असतील असे अर्धे करडे झालेले फोटो.

तुमच्या पोट्ट्याचं पीएनजी वाईट नाही हो. त्यातही काही जात नाही, १६ बिटही घेतो, जागाही कमी खातो. माझी अडचण एवढीच की सेव्ह व्हायला वेळ घेतो, आणि फोटोच्या आत नाव-गाव-तारीख लिहून ठेवायची तर टिफमधे ते जास्त भरवशाचं आहे, पीएनजीतलं प्रत्येक सॉफ्टवेअर वाचेलच असं नाही. त्यानं आधीच काही पीएनजीत केलेले असतील तर राहू द्या, परत करायला लावू नका पोराला. पीडीएफ मात्र नको, झेरॉक्सच्या दुकानात फोटो दिला की पीडीएफ हातात देतात, आत बहुतेक जेपेगच असतो तोही बारीक केलेला. जेपेग २००० मोठ्या संस्थांमधे चालतो पण तुमच्या भाच्याच्या लॅपटॉपवर उघडणार नाही. आणि फोटोशॉपची पीएसडी ही कामाची फाइल, ठेवायची नाही.

बाहेर कोणाकडून स्कॅन करून घेणार असाल तर फाइल तपासून घ्या. जेपेगचं टिफ करून देणारे असतात, आणि ८ बिटचं १६ करून देणारेही. एक्स्टेन्शन बदललं म्हणजे गेलेलं परत येत नाही. विंडोजमधे फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथं बिट डेप्थ २४ आहे की ४८ ते दिसतं. नंतर चारशे टक्के झूम करून काळ्यापांढऱ्याच्या कडेला बघा, बारीक चौकोनांची नक्षी दिसली की समजायचं हा आधी जेपेग होता. आणि ४८ लिहिलंय पण काही न करताच हिस्टोग्राम फणीसारखा, तर तेही नकलीच.

जागेची काळजी करून राहिल्या असाल तर हिशोबच मांडतो. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट ६०० डीपीआयला २४०० बाय ३६०० पिक्सेल होतो, २४ बिटला २६ एमबी, ४८ ला ५२. तीनशे ब्लॅक अँड व्हाइट २४ बिटनं झाले पावणेआठ जीबी, दीडशे रंगीत ४८ बिटनं तेही तेवढेच. १२० ची चौकोनी फ्रेम २४०० डीपीआयला १६ बिट ग्रेमधे ५६ एमबी, ऐंशी म्हणजे साडेचार जीबी. ३५ एमएमची फ्रेम २४०० ला ४८ बिट ४६ एमबी, दोनशेचे सव्वानऊ. सगळं मिळून तीस जीबीच्या आत! चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्हही अर्धा रिकामा राहतो. २००६ ची कंजुषी आता कशाला. आणि खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलंय म्हणून फिल्म ६४०० नं घेऊ नका, या स्कॅनरचा खरा तपशील त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, फाइल फुगते आणि रात्र जाते. खरंच एखादी फ्रेम मोठी छापायची असेल तर तेवढी चांगल्या फिल्म स्कॅनरवर करून घ्या.

हो, फाइलमधे रंगांचं प्रोफाइल एम्बेड करा, म्हणजे दुसऱ्या मशीनवरही रंग नीट ओळखले जातात, प्रिंटांना एसआरजीबी चालेल, ४८ बिटच्या रंगीतला अ‍ॅडोब आरजीबी. प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तिथं तारीख नि स्टुडिओचा शिक्का असतो, ती १५० डीपीआयचा जेपेग असली तरी माझी काही हरकत नाही. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅनरवर ठेवा. निगेटिव्ह कडेनं धरा आणि तर्रीपोहे खाऊन आल्या असाल तर आधी हात धुवा, हसू नका, माझ्याकडे आलेल्या निगेटिव्हवर मी तर्रीचे ठसे पाहिलेत.

कॉपी तीन ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक शहराबाहेर, पुण्यातल्या बहिणीकडे किंवा क्लाउडवर. शहराबाहेर का म्हणतो ते तुम्हाला सांगायला नको, २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरीचा ओव्हरफ्लो आणि नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा माझ्याकडे पुढचे दोन महिने ओले अल्बमच येत होते, आणि एकांकडे तर अल्बमही तळमजल्यावर आणि हार्ड डिस्कही त्याच्याच शेजारच्या खणात. मूळ प्रिंट फेकायचे नाहीत, ते कूलरच्या खोलीतून हलवा आधी, त्या ओलाव्यानं बुरशी येते. पण माळ्यावरही टाकू नका, तिथं मेमधे भट्टी असते.

सुरुवात रंगीत निगेटिव्हपासून करा, कारण रंगीतलाच वेळ कमी उरलाय, ब्लॅक अँड व्हाइट अजून वाट बघतील. त्याआधी विश्वास बसायला सगळ्यात लाल पडलेला एक प्रिंट घ्या, एकदा २४ आणि एकदा ४८ बिटनं स्कॅन करा, दोन्हीचा लाल चॅनेल सारखाच ओढा आणि गालाकडे बघा. १२० ची पट्टी होल्डरमधे वाकडी बसत असेल तर कळवा, त्याला काचेचा एक जुगाड आहे, फोटो काढून पाठवतो.